पांढऱ्यावर पांढरं

"मग या बाई खोटं बोलतात, असं म्हणायचंय तुला?"

"खोटं नाही, भन्ते. त्यांचा मोबाईल जुना आहे, एवढंच."

भन्ते विमलबोधींनी बाईंच्या हातातल्या मोबाईलकडे पाहिलं.

चिचटेकडीच्या विहाराच्या ओसरीवर तिघं बसले होते. भन्ते भिंतीला टेकून. त्यांच्यासमोर मांडीवर लॅपटॉप घेतलेला प्रज्योत मेश्राम. तो सकाळीच पुण्याहून विमानाने नागपूरला उतरला होता आणि गाडी करून थेट इथं आला होता. जरा बाजूला, खांबाशी, पार्बताबाई. टेकडीखालच्या गावातल्या. हातातला मोबाईल त्यांनी पदराच्या टोकात धरला होता, गरम भांडं धरावं तसा.

"माह्या पोरीचं नाव काऊन पुसलं, तेवढं सांगा जी," त्या म्हणाल्या. "मी काही रागावत नाही."

"पुसलं नाही, मावशी. हे बघा."

प्रज्योतने लॅपटॉप त्यांच्याकडे वळवला. पडद्यावर नाव होतं. काळ्या, सुबक अक्षरांत. करुणा.

पार्बताबाईंनी ते पाहिलं. मग आपल्या मोबाईलकडे पाहिलं.

"तुमच्याकडं हाये," त्या म्हणाल्या. "माह्याकडं नाही."

विहाराची ती वेबसाइट साधीच होती. तिथं लोक आपल्या गेलेल्या माणसाचं नाव लिहीत. दर पौर्णिमेला भन्ते ती नावं एकेक करून वाचत आणि पुण्यानुमोदन करत, म्हणजे पुण्य त्या माणसांच्या नावे करत. ज्यांना टेकडीवर येणं जमत नसे, ते घरी बसून ते पान उघडत, नाव पाहत आणि हात जोडत. बाकी त्या साइटवर काही नव्हतं.

ती प्रज्योतनेच बांधली होती. चीवर घेऊन भिक्खू होण्याआधी भन्ते भंडाऱ्याला कॉम्प्युटरचा क्लास घ्यायचे आणि प्रज्योत त्यांचा विद्यार्थी. पहिली ओळ त्याने त्यांच्यासमोर बसून लिहिली. आता तो पुण्यात एका मोठ्या कंपनीत होता. साइट कशी दिसावी हेच त्याच्या हाताखालच्या मंडळींचं काम. तो सभांमधून या विषयावर बोलायचा. लोक टिपून घ्यायचे.

पावसाळ्याच्या तोंडाशी त्याने विहाराच्या साइटचं रूप बदललं. जुनी निळी होती. निळ्या पट्ट्यावर पांढरी अक्षरं. त्याला ती आता बाळबोध वाटायची. नवी त्याने पांढरी केली. मोकळी जागा, बारीक काळी अक्षरं. भन्तेंना फोन करून म्हणाला, "आता बघा. आता श्वास घेते ती."

भन्तेंनी विहारातल्या कॉम्प्युटरवर पाहिली. म्हणाले, "छान."

त्यानंतर नवीन नाव आलं नाही.

पहिल्या महिन्यात भन्तेंना वाटलं, धानाच्या रोवणीचे दिवस आहेत. लोक शेतात, बांधीत आहेत. दुसऱ्या महिन्यात वाटलं, पाऊस फार आहे. नंतर त्यांनी कारण शोधणं सोडलं. वर्षावास होता, टेकडी सोडून जायचं नव्हतं. पौर्णिमेला ते बसत, जुनी नावं वाचत आणि उठत.

मग एका दुपारी पार्बताबाई टेकडी चढून आल्या. धापा टाकत. पायरीवरूनच त्यांनी विचारलं, "माही पोरगी काढून टाकली काय जी?"

भन्तेंनी प्रज्योतला फोन केला.

"माझ्याकडे दिसतंय, भन्ते," तो म्हणाला होता.

"येऊन बघ."

"इथूनही सगळं बघता येतं."

भन्तेंनी फोन ठेवला नव्हता. शेवटी प्रज्योतच म्हणाला होता, "येतो."

आणि तो आला होता. संध्याकाळच्या विमानाचं तिकीट काढूनच.

"तो मोबाईल द्या जरा, मावशी."

पार्बताबाईंनी दिला. प्रज्योतने पान उघडलं. वर विहाराचं चित्र आलं. खाली पांढरं. त्याने बोटाने वर सारलं. पांढरं. आणखी सारलं. पांढरंच.

"नेटवर्क," तो म्हणाला.

त्याने आपल्या फोनचं इंटरनेट त्यांना जोडून दिलं. पान पुन्हा उघडलं. चित्र लगेच आलं. खाली पांढरं.

"मग ब्राउझर जुना आहे. नवीन मोबाईल घेतला की दिसेल."

"पयले याच्यातच दिसत होतं," पार्बताबाई म्हणाल्या.

"पहिली साइट जुन्या पद्धतीची होती, मावशी."

त्यांनी मोबाईल परत घेतला. मग खाली बघत म्हणाल्या, "मले वाचता येत नाही, बापू. पण तिचं नाव कसं दिसते, ते ठाऊक हाये. मधल्या अक्षरले शेपूट हाये, अन् शेवटी काठी. मी रोज उघडत होतो. येक दिवस उघडलं तर... नाही."

प्रज्योतने लॅपटॉपवर दोन-तीन कळा दाबल्या. पडद्यावर छोट्या मोबाईलच्या आकाराचं पान आलं. त्यात सगळी नावं नीट एकाखाली एक.

"भन्ते, बघा. मोबाईलवर असंच दिसतं. मी सगळ्या आकारांत तपासलंय."

"कोणाच्या मोबाईलवर?"

"मोबाईल लागत नाही. यातच सोय असते. मोबाईलवर कसं दिसेल याचं चित्र दाखवतं."

"चित्र."

"हो."

भन्ते पार्बताबाईंच्या हातातल्या मोबाईलकडे बघत राहिले. तो विझला होता.

"आणि हा?"

प्रज्योतने घड्याळाकडे पाहिलं. मग स्वतःला सावरलं.

"भन्ते, एका माणसाचा एक फोन बिघडला म्हणून साइट बिघडली असं होत नाही. बाकी कोणाची तक्रार आली का?"

"नाही."

"मग?"

"बाकी कोणी आलंच नाही."

...

खालून कुठून तरी गुरांच्या गळ्यातली घंटा ऐकू आली. मग तीही लांब गेली.

"तू आत कसा जातोस?" भन्तेंनी विचारलं.

"कुठं?"

"त्या पानात."

"लॉगिन करून. ॲडमिन आहे ना मी. तुम्हीही तसेच जाता."

"आणि या?"

"त्यांना लॉगिन लागत नाही. त्या अशाच... बाहेरून."

भन्तेंनी उजवा हात पुढे केला. तळवा वर.

"किल्ली दे."

"कसली किल्ली, भन्ते?"

"आत जायची."

"पासवर्ड? तो तुमच्याकडे आहे की. तुम्हीच ठेवला होता."

हात तसाच राहिला.

"त्याने काही फरक पडत नाही," प्रज्योत म्हणाला. "पान एकच आहे. आतून बघा नाहीतर बाहेरून. मी हे काम रोज करतो, भन्ते."

हात तसाच राहिला. हाडकुळा. प्रज्योतला तो जुना हात आठवला. खडूने फळ्यावर चौकोन काढणारा. तेव्हा तो इतका हाडकुळा नव्हता.

प्रज्योतने खाली मान घालून लॉगआउट केलं. साठवलेला पासवर्डही पुसला. मग साइटचा पत्ता नव्याने लिहिला, पहिल्यांदाच येणारा कोणी लिहील तसा, आणि कळ दाबली.

वर विहाराचं चित्र आलं.

खाली पांढरं.

त्याने पुन्हा कळ दाबली. पांढरं. त्याने खाली सारलं. पान खूप लांब होतं. सारता सारता संपेना. आणि सगळं पांढरं.

पार्बताबाई वाकून पाहत होत्या.

"हां," त्या हळूच म्हणाल्या. "अस्संच. माह्याकडं अस्संच दिसते."

त्यांच्या आवाजात तक्रार नव्हती. उलट थोडा सुटल्यासारखा वाटला तो. आपल्यासारखंच आणखी कोणाला तरी दिसलं म्हणून.

प्रज्योतचे कान तापले. काय झालंय ते त्याला एका क्षणात कळलं. त्याच्या हाताखालच्या नवख्या मुलालाही कळलं असतं.

साइटचं पान वेगळं असतं आणि ते कसं दिसावं हे सांगणारी फाईल वेगळी. तिला स्टाईलशीट म्हणतात. प्रज्योतने दोन्ही बदललं होतं. पण पान लवकर उघडावं म्हणून साइट स्टाईलशीटची एक प्रत साठवून ठेवते आणि येणाऱ्याला तीच देते. लॉगिन करून येणाऱ्याला मात्र ती ताजी फाईल देते, कारण तो मालक. मालकाला आपण केलेला बदल लगेच दिसायला हवा.

तेव्हा मालकाला नवं पान आणि नवी स्टाईलशीट मिळाली. बाकी सगळ्यांना नवं पान आणि जुनी स्टाईलशीट. जुनी म्हणत होती, नावं पांढरी रंगवा. तिला ठाऊक नव्हतं की ज्यावर ती उठून दिसायची तो निळा पट्टा पानातून कोणी काढून टाकलाय.

पांढऱ्या कागदावर पांढरी नावं. नाव लिहायची जागा होती, तिथलं बटणही पांढरं.

"मग नावं गेली कुठं?" भन्तेंनी विचारलं.

प्रज्योतने लॅपटॉप जवळ ओढला. त्याने बोट पानाच्या डोक्यावर ठेवलं, दाबून धरलं आणि खाली ओढत नेलं. मजकूर निवडताना ओढतात तसं.

बोटामागून एक निळी पट्टी उतरत आली. त्या पट्टीत पांढरी नावं उमटत गेली.

एक. मग दुसरं. मग त्याखालचं.

"थांब!" पार्बताबाई म्हणाल्या. "थांब, बापू. मांगं घे."

तो थांबला. बोट वर नेलं.

"हे... हेच."

करुणा.

त्या काही वेळ नुसत्या बघत होत्या. मग त्यांनी तोंडाला पदर लावला.

"इथंच होती?"

"इथंच होती, मावशी."

"सारा पावसाळा?"

"हो."

"मंग दिसत काऊन नव्हती?"

या प्रश्नाचं उत्तर प्रज्योतकडे होतं. नीट, पायरीपायरीने समजावता येईल असं. सभेत असता तर त्याने फळ्यावर आकृती काढून सांगितलं असतं.

"माझ्यामुळं," तो म्हणाला.

पार्बताबाईंनी त्याच्याकडे पाहिलं.

"मी पौर्णिमेले यायचं बंद केलं ना," त्या थोड्या वेळाने म्हणाल्या. "गुडघे धरतात. मले वाटलं, म्हणून काढलं तिले. माय येत नाही, तर पोरीले कशाले ठेवा... असं."

"असं कोणी करत नाही, मावशी."

"मले काय ठाऊक."

भन्ते डोळे मिटून बसले होते.

प्रज्योतचं बोट अजून पडद्यावरच होतं. पुढे काय करायचं ते त्याला माहीत होतं. हे बंद करायचं, आत जायचं, दुरुस्त करायचं. चहा होईपर्यंतचं काम. पण बोट नकळत खाली ओढलं गेलं. निळी पट्टी उतरत गेली. ओळखीची आणि अनोळखी नावं तिच्यातून वर येत गेली.

आणि एका जागी तो थबकला.

देवाजी मेश्राम.

हे नाव त्यानेच लिहिलं होतं. वडील गेले त्या वर्षी. त्यानंतर हे पान त्याने कितीदा तरी उघडलं होतं. अक्षरं किती जाड, दोन ओळींत अंतर किती, कडेला जागा किती, सगळं पाहिलं होतं. पण नेहमी वरचीच चार-सहा नावं धरून. इतकं खाली तो कधी आला नव्हता.

"हे पान आणखी कोण उघडत असेल?" भन्तेंनी विचारलं. डोळे मिटलेलेच.

प्रज्योतने फोन काढला. तो उठून ओसरीच्या कडेला गेला. मग काय वाटलं कोण जाणे, परत आला आणि होता तिथंच बसला.

"आई?"

"कोण, प्रज्योत? काय झालं रे?"

"काही नाही. आई, विहाराची साइट... बाबांचं नाव आहे ती... तू उघडतेस का कधी?"

"उघडते ना. रोज उघडते."

"तुला दिसतं?"



"नाही रे," आई म्हणाली. "पावसाळ्यापासून नाही दिसून राहिलं. सगळं पांढरं पांढरं दिसते."

"मग सांगितलं का नाहीस?"

"मला वाटलं माझे डोळेच गेले. मोतीबिंदूचं म्हणाले होते ना मागं. डोळ्यांच्या डॉक्टरकडे जाऊन आले मी. त्यांनी चष्मा बदलून दिला. दुसरं सगळं दिसते त्याने. पेपर दिसते. सुईत दोरा जाते. तेवढं मात्र नाही दिसत."

"डॉक्टरकडे कोणाबरोबर गेलीस?"

"एकटीच. जवळच तर आहे."

"मला फोन करायचास."

"तू कामात असतोस, म्हटलं. एवढ्याशासाठी काय..."

प्रज्योतने गुडघ्यावर कपाळ टेकवलं. फोन कानाशी होता.

"आई, दिसत नाही, तर रोज उघडतेस कशाला?"

"कशाला म्हणजे?" आईला प्रश्नच कळला नाही. "दिसत नसले तरी असतील ना तिथंच."

...

पार्बताबाईंनी पाण्याचा तांब्या त्याच्याकडे सरकवला. त्याने घेतला नाही. मग घेतला.

"फोन ठेवू नकोस, आई," तो म्हणाला. "थांब जरा."

"थांबते की. मला कुठं जायचंय."

फोन त्याने चटईवर ठेवला. पुन्हा आत गेला. साठवलेल्या सगळ्या प्रती पुसल्या. मग स्टाईलशीटच्या नावापुढे एक नवा आकडा जोडला. मोबाईलही एकदा पाहिलेली फाईल जपून ठेवतात आणि तीच दाखवत राहतात. नाव बदललं की त्यांना वाटतं ही नवी आहे, आणि ते ती मागवून घेतात.

मग त्याने लॉगआउट केलं. हे त्याला कोणी सांगावं लागलं नाही. बाहेरून आला. नावं दिसत होती.

तरी त्याने लॅपटॉप बंद केला आणि हात पुढे केला.

"मावशी, तुमचा मोबाईल."

"मीच उघडतो," पार्बताबाई म्हणाल्या.

त्यांनी पदराने काच पुसली. एका बोटाने, फार सावकाश, त्यांनी पान उघडलं. चित्र आलं. मग खाली काळी अक्षरं आली. त्या एकेका नावावरून नजर सरकवत गेल्या. वाचत नव्हत्या, ओळखत होत्या. एका ठिकाणी थांबल्या आणि तिथं बोट ठेवलं.

बोट लागताच पान सरकलं. नाव वर निघून गेलं.

"गेलं!" त्या घाबरल्या. "माह्या हातानं गेलं, बापू!"

"नाही, मावशी. सरकलं फक्त. हे बघा." त्याने पान खाली आणलं. "आता लावा हात. काही होत नाही."

त्यांनी पुन्हा हात लावला नाही. मोबाईल दोन्ही हातांत धरून बसल्या. पडदा विझायला आला की त्याच्या कडेला हलकेच टिचकी मारत. तो पुन्हा उजळत असे.

चटईवरून आवाज आला, "प्रज्योत? आहेस का रे?"

"आहे, आई. आता उघडून बघ. माझा फोन न कापता येईल तुला?"

"येते. शिकले मी."

खूप वेळ नुसता घरातला आवाज येत राहिला. पंख्याचा. कुठंतरी भांडं ठेवल्याचा. मग तोही नाही.

"आई? दिसलं?"

त्याने फोन उचलून कानाशी धरला.

"आई?"

"छान दिसून राहिले," आई म्हणाली.

प्रज्योतने तोंड फिरवलं.

"काळी केलीस का अक्षरं?" तिने विचारलं.

"हो."

"चांगलं केलं. जेवलास?"

"आई, मी... चिचटेकडीला आहे. भन्तेंकडे."

"आत्ता? कधी आला?"

"सकाळी."

"म्हणजे नागपूरला उतरून घरावरूनच गेला असशील."

"हो."

ती रागावली नाही. रागावली असती तर बरं झालं असतं, असं त्याला वाटलं. पण तिने एवढंच विचारलं, "भन्तेंची तब्येत बरी आहे ना?"

"बरी आहे. आई, उद्या पौर्णिमा आहे. उद्या थांबतो इथं. परवा घरी येतो. राहायलाच येतो."

"ये ना," ती म्हणाली. आणि मग, जरा घाईने, "पण कामाचं खोळंबवून नको येऊ."

फोन बंद झाल्यावर त्याने तो खिशात ठेवला.

ऊन ओसरीवरून उतरून पायऱ्यांवर गेलं होतं. पार्बताबाई उठल्या. त्यांनी भन्तेंना पंचांग प्रणाम केला. गुडघे धरत उठल्या आणि प्रज्योतच्या पाठीवरून एकदा हात फिरवला. मग मोबाईल पोलक्यात ठेवून एकेक पायरी उतरत गेल्या. मध्येच थांबून त्यांनी तो काढून पाहिला. पुन्हा ठेवला. पुन्हा उतरू लागल्या.

त्या दिसेनाशा झाल्यावर प्रज्योतने लॅपटॉप उघडला. साइटवर कोण किती येऊन गेलं याची नोंद आपोआप होत असते. एरवी तो ती पाहायचा नाही. इतक्या लहान साइटची काय पाहायची.

आता पाहिली.

"भन्ते."

"हं."

"लोक येत होते."

भन्तेंनी डोळे उघडले.

"रोज येत होते," प्रज्योत म्हणाला. "पावसाळाभर. पान उघडायचे, क्षणभर थांबायचे, जायचे. काही जण पुन्हा यायचे. दुसऱ्या दिवशी, त्याच्या दुसऱ्या दिवशी. मग काहींनी यायचं सोडलं."

भन्तेंनी चीवराची कड खांद्यावर नीट घेतली. ती आधीच नीट होती.

"मला वाटलं..." ते म्हणाले.

प्रज्योतने त्यांना असं कधी पाहिलं नव्हतं. टेकडीवरचा इतक्या महिन्यांचा पाऊस, ती रिकामी ओसरी, रोज सकाळी उघडायचा तो कॉम्प्युटर, हे सगळं त्याला त्यांच्या चेहऱ्यावर पहिल्यांदा दिसलं. मधल्या काळात त्याने फोनही केला नव्हता. साइट नीट चालली आहे म्हणजे भन्ते नीट आहेत, असं तो धरून चालला होता.

"मीही आतूनच बघत होतो," भन्ते शेवटी म्हणाले.

"तुमची चूक नाही, भन्ते."

"मी चूक म्हटलं नाही."

वारा आला. चिंचेची बारीक पानं ओसरीवर येऊन पडली.

"जे गेले त्यांना आता कसं सांगू?" प्रज्योतने विचारलं. "त्यांची नावं नाहीत, पत्ते नाहीत. नुसतं कोणीतरी आलं आणि गेलं, एवढंच कळतं. त्यांनाही वाटलं असेल, आपलं माणूस काढून टाकलं. नाहीतर डोळे गेले. साइट दुरुस्त झाली हे त्यांना कळणार कसं?"

भन्ते पडलेली पानं वेचत होते.

"माफी मागायची तर कोणाची मागू?"

भन्ते उठले. भिंतीला हात टेकत उठले. प्रज्योत आधार द्यायला पुढे झाला, तर त्यांनी मानेनेच नको म्हटलं.

"उद्याची तयारी करायची आहे," ते म्हणाले. "आत चटया टाकायच्या."

प्रज्योतने गाडीवाल्याला फोन करून परत जा म्हणून सांगितलं. विमानाचं त्याच्या लक्षातही राहिलं नाही. तो भन्तेंच्या मागोमाग आत गेला.

बुद्धमूर्तीसमोर एकच चटई होती. दिवा लावायच्या जागेजवळ, भिंतीच्या कडेला. मधली फरशी रिकामी होती आणि संध्याकाळच्या उजेडात फार मोठी वाटत होती. मागच्या कोपऱ्यात गुंडाळलेल्या चटयांचा ढीग छताच्या दिशेने गेलेला. वर धूळ, एका ठिकाणी कोळ्याचं जाळं.

प्रज्योतने वरची चटई ओढून झटकली. धूळ उडाली. तो खोकला.

"भन्ते, मागच्या पौर्णिमेला कोण कोण होतं?"

"मी."

प्रज्योत चटई हातात घेऊन उभा राहिला. त्याने ढिगाकडे पाहिलं, मग रिकाम्या फरशीकडे.

"मग उद्यासाठी किती टाकू?"

भन्ते दिव्याची काजळी पुसत होते. त्यांनी वळून पाहिलं नाही.

"आहेत तेवढ्या."